मिनिटाला अडतीस

टँकर दोन दिवसांआड येऊ लागला, तेव्हा खाणीत सगळ्यात आधी मशीनचं पाणी बंद झालं. कातळाला भोक पाडायच्या मशीनला बोटाएवढी रबरी नळी असायची. तिच्यातून पाणी ठिबकत राहिलं की भोकातून राखाडी चिखल यायचा, धूळ उडायची नाही. मुकादमाने सगळ्या नळ्या काढून गुंडाळल्या आणि ऑफिसमागच्या खोलीत टाकल्या.

"माणसाला प्यायला नाही, दगडाला कुठून पाजू?" तो म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून कुणी वादही घातला नाही. त्याला आता दोन उन्हाळे झाले होते. मधला पावसाळा नावापुरता येऊन गेला. नळ्या काही परत बाहेर आल्या नाहीत.

भिंगरीचा बाप बारा वर्षं मशीनवर होता. मशीन छातीला टेकवून उभं राहायचं, अख्खं अंग थरथरवायचं, संध्याकाळी हातात पेला धरला तरी तो पेला थरथरायचा. गडी रांगडा होता. पण कोरड्या कातळाच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो खोकू लागला आणि मग खोकणंही जमेना इतका दमू लागला. गेले चार महिने तो खोलीच्या दारात, चौकटीला पाठ लावून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून बसलेला असे. आडवा झाला की जीव घाबरा व्हायचा, म्हणून झोपायचाही तसाच, बसून.

खोली खाणीची होती. पत्र्याच्या वीस खोल्यांची ओळ, समोर पाण्याची सिमेंटची टाकी, आणि टाकीपलीकडे रस्ता ओलांडला की दोन खोल्यांची शाळा. आई खालच्या आवारात घमेल्याने खडी भरायची. सकाळी सातला जायची, उन्हं कलली की यायची. आली की आधी खोलीबाहेर उभी राहून लुगडं झटकायची आणि मग आत पाऊल टाकायची.

भिंगरी अकरा वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून बापानेच हे नाव ठेवलं होतं. शाळेच्या हजेरीत वेगळं होतं, पण त्या नावाने तिला फक्त बाई हाक मारायच्या.

त्या आठवड्यात बाईंनी शरीर शिकवायला घेतलं. भिंतीवरचा तक्ता इतका जुना होता की पोटाच्या जागी कागदच उरला नव्हता. बाईंनी मुलांना मूठ वळायला सांगितली.

"एवढं तुमचं हृदय. कुठे असतं?"

सगळ्यांनी कुठेकुठे हात ठेवले. एकाने बेंबीवर ठेवला. वर्ग हसला.

"आणि पोट कशासाठी असतं?"

"भूक लागायला," मागून कुणीतरी म्हणालं. त्यावर बाईही हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या.

मग त्यांनी पिशवीतून बूड कापलेली प्लास्टिकची बाटली काढली. बाटलीच्या आत दोन लाल फुगे आणि बुडाला ताणून बांधलेला एक फाटका फुगा. खालचं रबर ओढलं की आतले दोन्ही फुगे फुगायचे, सोडलं की बसायचे.

"ही फुफ्फुसं. तुम्ही झोपता तेव्हाही ही झोपत नाहीत. आत घेतलेल्या हवेतलं चांगलं ते रक्ताला देतात, वाईट ते बाहेर टाकतात."

बाटली वर्गभर फिरली. भिंगरीकडे आली तेव्हा तिने पुढच्याला द्यायला इतका वेळ लावला की शेजारणीने तिला कोपरखळी मारली.

बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या प्रत्येकाचे श्वास मोजायचे. मोबाईलच्या घड्याळात एक मिनिट लावायचं, छाती किती वेळा वर येते ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मोठ्या माणसाचे साधारण सोळा ते वीस येतील, असंही त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी भिंगरीने आधी आईला धरलं. आई चुलीपुढे बसली होती.

"हलू नको. बोलू पण नको."

"बोलू नको म्हणे. तुझ्या शाळेत एवढं एक काम बरं शिकवलं."

"आई, चुकलं ना! परत पहिल्यापासून."

आईचे अठरा आले. मग भिंगरी बापासमोर उकिडवी बसली. त्याने सदरा काढला. गळ्याच्या खळग्यात प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. मोजता मोजता भिंगरीचे ओठ हलायचे थांबले. तिने मोबाईल पुन्हा लावला. पुन्हा मोजले.

"काय गं मास्तरीण, पास का नापास?" बाप म्हणाला. एवढं बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

"अडतीस," ती म्हणाली.

"मग पैकीच्या पैकी."

आईने चुलीकडून मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकेकाची वही पाहिली. भिंगरीच्या वहीशी थांबल्या.

"अडतीस? अगं, धावून आलेल्या कुत्र्याचे मोजलेस का?"

वर्ग खो खो हसला. भिंगरी उभी राहिली. तिचे कान तापले.

"बाई, मी दोनदा मोजले."

"घड्याळ नीट लावलं नसशील. उद्या परत मोजून आण."

तेवढ्यात पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, माझ्या बाबांचे सव्वीस आलेत. मी वीस लिहिले. तुम्ही वीस सांगितलं होतं म्हणून."

मग अजून एकजण उठली. तिच्या काकाचे तीस. मग अजून एक. बाईंनी सगळ्या वह्या परत मागवल्या. कोणाचा माणूस खाणीत कुठल्या कामावर आहे हे विचारत त्या फळ्यावर आकडे मांडू लागल्या. खडी भरणारे एकीकडे, मशीनवाले एकीकडे. मशीनवाल्यांच्या ओळीत एकही आकडा चोवीसच्या खाली नव्हता. बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. त्या दिवशी शाळा अर्धा तास लवकर सुटली.

सुटल्यावर बाई भिंगरीबरोबर खोलीवर आल्या. दारातच बापाला पाहून त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. मग जमिनीवर बसल्या, मनगटावरचं घड्याळ बघत मोजलं आणि भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. मी चुकले."

बाईंसारख्या शिकल्या माणसाने आपल्या पोरीपुढे असं कबूल केलेलं बापाला फार आवडलं. तो हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. आई तेव्हाच कामावरून आली होती. तिने घमेलं उतरवलं आणि काही न विचारता त्याची पाठ चोळायला घेतली.

शनिवारी बाईंनी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आई आणि भिंगरीही गेल्या. बसथांब्यापर्यंतचं अंतर एरवी पाच मिनिटांचं, त्यांना पाऊण तास लागला. दर वीस पावलांवर तो थांबायचा आणि कोणी बघू नये म्हणून चप्पल नीट करण्याचं सोंग करायचा.

डॉक्टर तरुण होता. त्याने छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या फुफ्फुसांवर पांढरे ठिपके, वरच्या बाजूला ठिपके एकमेकांत मिसळून गोळे झालेले. खडीचा ढीग लांबून दिसतो तसं दिसत होतं.

"क्षय असेल म्हणून गोळ्या दिल्या होत्या कुणी?"

"दिल्या होत्या," आई म्हणाली. "सहा महिने खाल्ल्या. गुण नाही आला."

"कसा येईल? हा दगड आहे. दगडाची बारीक धूळ आत जाऊन बसली आहे. तिच्याभोवती फुफ्फुस घट्ट होत जातं."

भिंगरीने विचारलं, "ती बाहेर कशी काढायची?"

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग फोटोकडे.

"बाहेर निघत नाही ती."

"धुऊन पण नाही?"

"नाही बाळ."

बापाने सदऱ्याची बटणं लावली. तो म्हणाला, "म्हणजे आता मी अर्धा कातळच झालोय म्हणा की." आणि डॉक्टरला नमस्कार करून उठला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईने त्याचा हात धरला. चारचौघांत तिने त्याचा हात कधी धरलेला कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी बाप म्हणाला, मला शाळेत ने. आईने नको नको म्हटलं. तो ऐकेना. भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून त्याने रस्ता ओलांडला. बाईंनी आपली खुर्ची दिली. त्याने सदरा काढून मांडीवर घडी करून ठेवला आणि मुलांना म्हणाला, "या. एकेक जण या. ऐका."

बाईंनी जाड कागदाची नरसाळी करून दिली होती. मुलं रांगेने आली. रुंद तोंड त्याच्या पाठीला, निमुळतं आपल्या कानाला. आतून ओली वाळू पायाखाली चिरडल्यासारखा आवाज येत होता. कुणी हसलं नाही. एक लहानगी कान लावून झाल्यावर हळूच म्हणाली, "काका, दुखतं?"

"दुखत नाही. पुरत नाही," बाप म्हणाला. "घरी जाऊन तुमच्या तुमच्या बापाला सांगा. माझं नाव सांगा. म्हणावं, पाणी लावल्याशिवाय मशीनला हात लावू नका."

मुलांनी सांगितलं. घराघरांत किती कटकट केली असेल ती असो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाले नऊच्या नऊ जण मुकादमापुढे जाऊन उभे राहिले. मशीनला हात लावला नाही. मुकादम ऑफिसच्या पायरीवर चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली.

"नळ्या पाहिजेत? घ्या. खोली उघडी आहे." तो खरंच उठून नळ्या घेऊन आला आणि त्यांच्या पायाशी टाकल्या. "आता दुसरं टोक कशाला जोडता ते दाखवा मला. टाकीला जोडू? तुमच्या बायका हंडे घेऊन उभ्या आहेत तिथे. त्यांना विचारून या."

नऊ जणांनी टाकीकडे पाहिलं. टाकीच्या तळाशी हातभर पाणी होतं आणि ओळ शाळेपर्यंत गेली होती. थोड्या वेळाने एकाने खाली बघत मशीन उचललं. मग दुसऱ्याने.

त्याच दुपारी मुकादम खोलीवर आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याचाही धाकटा भाऊ मशीनवर होता. दारात उभा राहूनच तो आईशी बोलला.

"वहिनी, मालक विचारत होते. चार महिने झाले, खोलीतून मशीनवर कोणी नाही. खडी भरणाऱ्यांना खोली मिळत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"ह्यांना असं घेऊन कुठे जाऊ?"

"म्हणून तर मी मधला मार्ग काढला. क्रशरच्या तोंडाशी एक जागा आहे. पट्ट्यावरचा दगड जबड्यात ढकलायचा. ते काम धरलंत तर खोली राहील." तो थांबला. बापाकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत सांगा. दुसरे दोघे मागतायत."

क्रशरच्या तोंडाशी धूळ इतकी असायची की भर दुपारी तिथे दिवा लावत. तो गेला आणि भिंगरीने आईचा पदर धरला.

"तू नाही जायचं तिथे."

"सोड."

"आई, ती बाहेर निघत नाही. डॉक्टर म्हणाले ना? नाकातले केस मोठी धूळ अडवतात, बारीक नाही अडत. ती पार आत जाते. आत द्राक्षाच्या घडासारख्या बारीक बारीक पिशव्या असतात, तिथे जाऊन बसते. बाईंनी काढून दाखवलं. मग ते..."

आईने फाडकन तिच्या तोंडात मारली. खोलीत बापाच्या श्वासाशिवाय आवाज राहिला नाही. आईचा हात तसाच हवेत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"पोटाचं पण शिकवलं असेल ना बाईंनी?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ते रिकामं राहिलं की काय होतं ते? आणि ह्या माणसाला उन्हात झाडाखाली नेऊन ठेवलं तर त्याच्या त्या पिशव्यांचं काय होतं, ते विचार तुझ्या बाईंना. मला धडा नको देऊस. मला ते सगळं कळतं. वहीत न लिहिता कळतं."

मग तीच रडली. भिंगरी रडली नाही. गालावर चार बोटं उमटलेली घेऊन ती बापाच्या बाजूला बसली. बाप म्हणाला, "पाणी मारून बघितलं तर? दगडावर. पट्ट्यावर यायच्या आधी. एक हंडा."

"हंडा आणू कुठून? दिवसाला दोन मिळतात."

"मी कुठे एवढं पितो?" तो म्हणाला. "माझ्या वाटणीचं ने."

"वेड लागलंय तुम्हाला."

"बसल्या माणसाला तहान लागत नाही गं."

हे खोटं होतं आणि तिघांनाही ते कळत होतं. इतका भरभर श्वास घेणाऱ्या माणसाचं तोंड सतत कोरडं पडतं. भिंगरी दर थोड्या वेळाने त्याच्या ओठांना ओला बोळा लावायची.

आई दुसऱ्या दिवसापासून क्रशरच्या तोंडाशी उभी राहू लागली. नाकातोंडाला जुन्या लुगड्याची तीन पदरी पट्टी बांधायची. सकाळी जाताना एक हंडा घेऊन जायची आणि शिंपडून शिंपडून दुपारपर्यंत पुरवायची. दुपारनंतर काहीच नसायचं. संध्याकाळी ती पट्टी सोडायची तेव्हा आतला पदरसुद्धा राखाडी निघायचा. तिसऱ्या दिवशी तो पदर भिंगरीने पाहिला.

चौथ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. टँकर येवो न येवो, दहा वाजता टाकीतलं पाणी वाटायला घ्यायचे आणि टाकीची ओळ हलायला दोन अडीच तास लागायचे. त्या ओळीत उभं राहिलं तर बारापर्यंत आणखी एक हंडा मिळायचा, आणि दुपारच्या पाळीला आईला पोचायचा. हे तिने कुणाला विचारून केलं नाही. आईने तिला हंडा घेऊन येताना पाहिलं तेव्हा ती काहीतरी बोलायला गेली, पण वरून दगड आला आणि ती जबड्याकडे वळली. नंतरही तिने तो विषय काढला नाही. त्याची तिला इतकी लाज वाटत होती की रात्री जेवताना तिने पोरीच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

बाई एकदा टाकीपाशी आल्या. हातात भिंगरीची वही होती.

"आज मूत्रपिंडं शिकवली," त्या म्हणाल्या. "तू यायला हवं होतंस."

"ती काय करतात?"

"रक्त धुतात."

भिंगरीने हंडा एका पायाने पुढे सरकवला. ओळ थोडी हलली होती.

"बाई, मी इथून हलले की नंबर जातो."

बाई तिच्याबरोबर ओळीत उभ्या राहिल्या. शाळेची घंटा झाली तरी उभ्या होत्या. मग वही तिच्या हातात देऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. त्यांनी खाणीविरुद्ध वर दोन अर्ज पाठवले होते. तपासणीला माणूस येईल असं उत्तर आलं होतं, कधी ते लिहिलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी वारा पडला होता. उकडा असा होता की पत्र्याच्या ओळीत बाहेर कोणी दिसत नव्हतं. भिंगरी हंडा भरून आईकडे निघाली, पण आधी बापाच्या ओठांना पाणी लावून मग जावं म्हणून खोलीवर वळली. हंडा उंबऱ्याशी उतरवला.

बाप चौकटीला टेकून बसला होता. तळहात गुडघ्यांवर. मान थोडी पुढे झुकलेली. बोळा भिजवायला ती वाकली आणि तिच्या लक्षात आलं की खोलीत आवाज नाही. चार महिने झोपेतसुद्धा ऐकत आलेला आवाज.

तिने त्याच्या पाठीला कान लावला. नरसाळं लागलं नाही. मग छातीला. मग नाकापुढे पालथा हात धरला, बराच वेळ. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावलं. ओठांना पाणी लावलं. शेजारच्या काकूला हाक मारली आणि म्हणाली, "काकू, इथे बसा. मी आईला आणते."

काकूने आत पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिचा हंबरडा फुटायच्या आत भिंगरीने हंडा डोक्यावर घेतला होता. तो तिथे ठेवून ती धावत जाऊ शकली असती. पण ती हंडा घेऊन चालत गेली, नेहमीच्या चालीने, थेंबही सांडू न देता.

क्रशर सुरू होता. पायाखालची जमीन थरथरत होती. आईला दुपारी हंडा यायची सवय झाली होती. तिने वळून पाहिलं, फावडं टेकवलं आणि हात पुढे केले. भिंगरीने हंडा दिला. आईने तो दगडांवर ओतला, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, काटकसरीने. गरम दगडांतून वाफ आली. राखाडी ढग आधी गरगरला, मग खाली येऊ लागला.

"आज उशीर केलास," आई पट्टीआडून म्हणाली. "बाबांना पाणी लावलंस?"

भिंगरीने मान डोलावली. तिने हात वर करून खाली खटक्यापाशी बसलेल्या माणसाला क्रशर बंद करायची खूण केली. तो आधी हसला, मग तिचं तोंड बघून त्याने खटका ओढला. जबडा दोनदा रिकामाच चावून थांबला.

"काय झालं गं?" आई म्हणाली.

भिंगरी बोलली नाही. रडताना माणूस मोठमोठे श्वास घेतं, आणि पट्टी काढूनच घेतं. आईच्या डोक्यावर अजून धूळ तरंगत होती. ती हळूहळू उतरत होती, पट्ट्यावर, फावड्यावर, आईच्या पापण्यांवर. भिंगरी उभी राहून बघत राहिली. आईने दोनदा तिला विचारलं, तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. पलीकडचा पत्रा स्वच्छ दिसू लागेपर्यंत पोर थांबली.

मग तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आई, घरी चल."